आईचा तळपाय आणि बाबांचा बिब्बा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. धामणगाव बढ्याहून मी आईबाबांना घेऊन बुलढाण्याला गेले होते, स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे.

आईच्या तळपायावर काळा डाग होता. आदल्या वर्षी सीतादहीला, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेला, ती रिवाजाप्रमाणे अनवाणी शेतात गेली आणि पायात काटा मोडला. बाबांनी तो काढून वर बिब्ब्याचा चटका दिला. आमच्या गावात काट्यावर हाच इलाज.

बिब्ब्याचा डाग थोड्या दिवसांत कातडीबरोबर निघून जातो. हा राहिला... आणि हळूहळू पसरायला लागला. आई म्हणे, दुखत नाही तर दाखवायचं कशाला. बाबा मात्र रोज संध्याकाळी तिचा पाय मांडीवर घेऊन बघायचे. शेवटी तेच हट्टाला पेटले.

मॅडमनी डागावर जेल लावून डर्मोस्कोप टेकवला. मुठीत मावेल एवढं उजेडाचं भिंग, त्यातून कातडीच्या आतला रंग दिसतो. बाबांनाही बघू दिलं.

"म्हंजे बोंड न फोडता आतली अळी दिसते," बाबा म्हणाले. त्या साली आमच्या बीटी कापसावर बोंडअळी पडली होती. वरून हिरवंगार बोंड, आत सगळं पोखरलेलं...

मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. तळव्याच्या बारीक रेषांच्या खाचांत रंग असला तर बहुतेक साधा तीळ असतो. आईच्या डागाचा रंग खाचांमधल्या उंचवट्यांवर होता. मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, असू शकतो. तुकडा तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, म्हणाल्या.

बाबा खाली बघत म्हणाले, "मायाच हातानं झालं हे. मीच बिब्बा लावला तिले."

मॅडम खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "काका, बिब्ब्यानं हे होत नाही. तुम्ही रोज पाय पाहत होता, म्हणून सापडलं."

आईने बाबांचा हात धरला. परक्या माणसासमोर तिला असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मेलॅनोमाच निघाला... पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, आई चालायला लागली. मॅडमचे आणि त्या चिमुकल्या भिंगाचे उपकार कसे फेडायचे, खरंच कळत नाही.

यंदा सीतादहीला बाबांनी तिला बूट घालूनच शेतात नेलं. "देवाले चालते," म्हणाले.

संध्याकाळचं पाय बघणं अजून सुरूच आहे, आता चष्मा लावून. आई वैतागते, "काऊन पाहता एवढं? काही नाही तिथं."

"म्हनूनच पाहून राह्यलो," बाबा म्हणतात.