पोट्टा तारा

सूर्यापेक्षा कोवळ्या कुठल्याही ताऱ्याला गुरुजी 'पोट्टा', म्हणजे पोरगा, म्हणत. दोन कोटी वर्षांचा असला तरी पोट्टाच! "पोट्टा हाय, मस्ती करनारच. बुढा झाला का बसते चूपचाप." आणि खोटं काही नाही त्यात, क्ष-किरणांचे भडके तरुण तारेच जास्त उडवतात.

अर्जुनी मोरगावच्या शाळेत त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. मी पुण्याला याच ताऱ्यांवर पीएचडी करायला लागले, तोवर ते निवृत्त झाले होते. अवकाशातल्या दुर्बिणीची माहिती इंटरनेटवर फुकट मिळते हे कळल्यावर त्यांनी सुट्टीभर माझं डोकं खाल्लं आणि सगळं शिकून घेतलं. एकत्र जन्मलेले तारे पांगले तरी एकाच दिशेने चालतात, हे ऐकून त्यांना भाताची रोपं आणि शेतं आठवली. म्हणाले, "म्हंजे एकाच वाफ्यातले पऱ्हे. रोवले येगयेगळ्या बांधीत."

एकदा मला एका ताऱ्याचा मोठा भडका सापडला. मी नाचायचीच बाकी राहिले होते. "थांब ना बाई. उजेड कोनाचा हाय, ते त पाय!" आठवडाभर गुरुजी मोजमाप करत बसले. भडका शेजारच्या मंद ठिपक्याचा निघाला. तोच खरा पोट्टा, आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता.

शोधनिबंध मी लिहिला. लेखकांत त्यांचं नाव घालायचं ठरलं होतं. त्यांनी गावभर सांगितलंही होतं. पण नावापुढे संस्था लिहावी लागते. तिथे काय लिहू, निवृत्त शिक्षक, अर्जुनी मोरगाव? लोक हसतील, असं वाटलं. कुणी म्हटलं नव्हतं हो, माझं मलाच वाटलं. मी नाव गाळलं.

निबंध छापून आल्यावर गुरुजींनी प्रिंट काढून आणली. त्यांची बायको, आमच्या काकू, पेढे घेऊन उभ्या. गुरुजींनी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, परत पहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काऊन जी, हाय ना नाव?" काकूंनी विचारलं.

"हाय ना. इंग्रजीत हाय, तुले नाही समजत," ते म्हणाले आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. मी निर्लज्जासारखा तो खाल्लाही.

गुरुजी गेले त्याला दीड वर्ष झालं. परवा मी काकूंना भेटायला गेले, तर निबंधाचं ते पहिलं पान फ्रेम करून भिंतीवर. काकू म्हणाल्या, "त्यायचं नाव कोनतं, बोट ठेवून दाखव ना बाई. रोज हात जोडतो मी, पन कुठी पाहू समजत नाही."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. मग बोट ठेवलं, माझ्याच नावावर.

काकूंनी काचेवर नेमकं तिथे कुंकू लावलं.