धुरपदाबाईंचा नातू डावीकडं बघेना

ईट गावातल्या निम्म्या लोकांची डोकी धुरपदाबाईंनी घडवलेली आहेत. माझंही त्यातलंच, मात्र आतल्या मालाची जबाबदारी त्यांच्यावर नाही, हे आधीच सांगते. बाळंतिणीच्या घरी जायचं, पायांवर बाळ घेऊन तेल चोळायचं, न्हाऊ घालायचं आणि डोकं दाबून गोल करायचं, हे त्यांचं काम. तोंड फटकळ, हात मऊ.

आणि नेमकं त्यांच्याच नातवाचं डोकं चपटं झालं! उत्कर्ष तीन महिन्यांचा झाला तोवर मागची उजवी बाजू चांगलीच सपाट दिसायला लागली. बाईंनी दाबून पाहिलं, राळ्याच्या दाण्यांची उशी दिली, पण फरक पडेना. त्यात कुणीतरी अक्कल पाजळली, ‘मेंदू चेपला असंल.’ झालं! बाईंनी नातवाला हात लावणंच सोडलं. ‘माज्याच हातानं झालं,’ म्हणत चुलीपाशी बसून राहायच्या. त्या बोलणाऱ्याचा मला असा संताप आला!

शेवटी सून हर्षाली बाळाला जवळच्या वाशीला फिजिओथेरपीच्या अस्मिता मॅडमकडं घेऊन निघाली. शेजारीण म्हणून मीही निघाले आणि बाईंना ओढूनच जीपमध्ये बसवलं.

मॅडमनी डोकं, मान, सगळं नीट तपासलं. ‘आजी, मेंदू अगदी चांगला आहे. तुमच्या हातानंही काही झालेलं नाही. मान आखडलीय, म्हणून हा सारखा उजवीकडंच बघतो आणि त्याच बाजूवर भार येतो. उशी काढा, डोकं दाबू नका. जागा असेल तेव्हा समोर बसून थोडा वेळ पालथं घाला. मान कशी वळवायची ते मी हर्षालीला शिकवते. घराचं दार त्याच्या कुठल्या बाजूला येतं?’

‘उजव्या,’ हर्षाली म्हणाली.

‘मग निजवताना पायाकडं डोकं करा. उजेड बघायला डावीकडं वळेल.’

बाई ताडकन उठल्या. ‘उत्तरंला डोकं? मड्यागत? मेले तरी करायची न्हाय!’

मॅडमना हसू आलं. ‘बरं, राहू द्या. डावीकडं काय आहे?’

‘भित हाय.’

‘मग भिंतीपाशी तुम्ही बसा.’

जीपमध्ये बाई मला म्हणाल्या, ‘मला बरं वाटावं म्हनून बोलती गं ती.’ पण घरी येताच त्यांनी बाजलं भिंतीपासून ओढलं आणि मधे बैठक मारली. तिथंच बसून सुपात डाळ निवडायच्या, साऱ्या गावाचा उद्धार करायच्या. बाळाला मात्र शिवायच्या नाहीत. हर्षाली त्याची मान हळूहळू वळवायची. तो भोकाड पसरायचा, हिचे डोळे भरायचे, तरी तिनं एक दिवस चुकवला नाही.

काही आठवडे गेले. एका सकाळी मी चहाला गेले होते. बाई नेहमीप्रमाणे कुणाला तरी झोडपत होत्या. आणि उत्कर्षनं अख्खी मान डावीकडं वळवली, त्यांच्याकडं टक लावून पाहिलं आणि बोळकं पसरून हसला.

बाई शिवीच्या मधेच थांबल्या. ‘बगितलं गं! माज्याकडं बगितलं!’

डोकं अजून पुरतं गोल झालेलं नव्हतं. ते हळूहळू होईल, असं मॅडम म्हणाल्याच होत्या. पण माझ्या मनावरचं ओझं तिथंच उतरलं. हर्षाली तर पदर तोंडाला लावून रडत होती. बाईंनी डाळीचं सूप बाजूला सारलं, हात लुगड्याला पुसले आणि नातवाला उचलून उराशी घेतलं.