अकरावा पदार्थ : बल्गेरियातल्या खेड्यात माझा पहिला नाताळ

नाताळच्या सुट्टीत मी खोलीतच थांबणार होतो. मुगाची खिचडी, दोन रजया आणि झोप असा साधा बेत होता.

मी सोलापूरचा. टॉवेल विणणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती करतो. गणपती झाल्यावर बल्गेरियात, प्लोव्हडिव्ह शहराजवळच्या एका कारखान्यात कामाला आलो. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे पहिले काही महिने पाव, चीज आणि दही यांवर काढले. दही मात्र अप्रतिम. शाकाहारी लोकांनी इथे यायचं असेल तर दह्याच्या भरवशावर खुशाल यावं.

बेत मोडला तो पेतरने. पेतर माझ्या शेजारच्या यंत्रावर असतो. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, "आईने विचारलंय, तू मांस खात नाहीस हे खरं का?"

"खरं."

"अंडी?"

"नाही."

"दूध, चीज?"

"ते खातो."

"मग चोवीस तारखेला तुला आमच्यापेक्षा कमी उपास आहे. त्या संध्याकाळी आमच्याकडे दूधसुद्धा नाही. आख्खं गाव शाकाहारी. चल."

आख्खं गाव शाकाहारी, हे ऐकून मी हो म्हणालो. घरी फोन केला. घरी म्हणजे सोलापूरला, माझी भाची शिल्पा आणि भाऊजी असतात. शिल्पा खूश झाली. "जावा की मामा. खोलीत बसून काय करताव? आन् आईची चटणी संपली आसंल न्हवं?"

"आहे अजून."

"आजून हाय? मामा, खवट हुईल ओ! खावा की."

इथे चटणीबद्दल सांगायला हवं. माझी थोरली बहीण, म्हणजे शिल्पाची आई, आम्ही तिला अक्का म्हणायचो, तिने आषाढात उखळात शेंगाचटणी कुटून बरणी भरून ठेवली होती. माझा व्हिसा येईल तेव्हा धावपळ नको म्हणून. व्हिसा आला भाद्रपदात. अक्का श्रावणातच गेली. बरणी मी घेऊन आलो, पण उघडली नाही. ती उघडली की एक दिवस संपणार, आणि पुन्हा तशी कुणी कुटणार नाही. न उघडावी तर खवट होणार. कारखान्यात मी अक्काबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी ओळख व्हायला वेळ लागतो, आणि मला जरा जास्तच लागतो.

चोवीस तारखेला सकाळी पेतरबरोबर बस स्टँडजवळच्या दुकानात फुलं घ्यायला गेलो. लाल कार्नेशन छान दिसत होती. सहा मागितली. फुलवाली बाई एकदम गंभीर झाली. हळू आवाजात तिने विचारलं, "कोण गेलं?"

मी गोंधळून पेतरकडे पाहिलं. तो हसायला लागला. इथे सम संख्येतली फुलं फक्त मयताला नेतात. जिवंत माणसाच्या घरी जाताना तीन, पाच, सात. आपण पाकिटात वरचा एक रुपया घालतो, त्यातलाच प्रकार. फुलवालीने सातवं फूल घातलं, मला धीर दिल्यासारखं हसली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही.

तुम्ही कधी जाणार असाल तर प्रवासाचं सांगतो. गावाकडे दिवसातून मोजक्याच छोट्या बस जातात, सणाला त्याहून कमी. तिकीट ड्रायव्हरकडेच, सुटे जवळ ठेवा. तिकिटाचा दर आपल्या सोलापूर-अक्कलकोट एसटीसारखा वाटला, गर्दीही तशीच. फक्त मांडीवर कोंबडीऐवजी एका आजोबांच्या प्लास्टिकच्या डब्यातली वाईन होती, आणि घाटात ती डुचमळली की सगळी बस "सांभाळा, सांभाळा!" करायची. बूट मात्र जाड तळाचे घ्या. मी सोलापुरात घेतलेले बूट घालून बसमधून बर्फावर उतरलो आणि गावात प्रवेश केला तो बसल्या अवस्थेत. चौकातल्या दोन बायकांनी मला उठवलं, झटकलं आणि कुणाचा पाहुणा म्हणून विचारलं. आम्ही चालत घरी पोचेपर्यंत मी पडल्याची बातमी आधीच पोचली होती.

पेतरच्या आईचं नाव स्तोयांका. गावात सगळे तिला बाबा स्तोयांका म्हणतात, कारण बल्गेरियात आजीला बाबा म्हणतात. (शिल्पाला हे सांगितल्यावर ती पाच मिनिटं हसत होती.) लहानशी बाई, डोक्याला रुमाल, आवाज मात्र गिरणीच्या भोंग्याचा. दारात तिने विचारलं, "जेवलास का?" मला या भाषेतली वाक्यं कमी येतात, पण हे बरोबर कळलं. अक्का फोन उचलल्यावर आधी हेच विचारायची, कानडीत, "ऊटा आय्ता?" बाकीचं सगळं त्यानंतर.

घरात पेतर, त्याची आई आणि दिमोकाका. दिमोकाका म्हणजे पेतरच्या वारलेल्या वडिलांचे भाऊ. मिशा पांढऱ्या आणि एवढ्या मोठ्या की ते बोलताना तोंड दिसत नाही. ते भिंतीपलीकडच्या घरात राहतात आणि जेवायला इकडे असतात.

संध्याकाळी टेबल मांडलं. टेबलाखाली गवत पसरलं होतं. वर मोठा गोल पाव, घेवड्याची उसळ, घेवडा भरलेल्या वाळक्या लाल मिरच्या, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, भोपळ्याची गोड गुंडाळी, शिजवलेले गहू, लोणचं, सुक्या फळांचं गोड पाणी आणि अक्रोड. नऊ पदार्थ. पदार्थ विषमच लागतात. मध आणि लसूणही होते, पण ते मोजायचे नसतात. का, ते विचारलं तर पेतर म्हणाला, "विचारायचं नसतं."

बाबांनी धूप फिरवला, सगळे बसलो. मग पेतरने नियम सांगितला. आता जेवण संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. टेबलावर आलेलं काही परत उचलायचं नाही. रात्रभर सगळं तसंच ठेवायचं, कारण घरातली गेलेली माणसं रात्री जेवून जातात.

आणि इथे मी घोटाळा केला. आपली सवय अशी की, पानं मांडली, सगळे टेकले, की आपण आणलेला डबा पिशवीतून काढायचा. रेल्वेत काय, लग्नघरी काय. माझी पिशवी खुर्चीलाच अडकवलेली होती. मी तीतून सोलापूरच्या कडक भाकरीचं पाकीट काढलं आणि अभिमानाने टेबलाच्या मधोमध ठेवलं.

बाबांनी बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं.

"दहा," त्या म्हणाल्या.

"दहा," दिमोकाकांनी दुजोरा दिला. "दहा म्हणजे कबरस्तानात."

पेतर घाईने म्हणाला, "आई, ही भाकरी आहे. म्हणजे पावच. पाव आधीच मोजलाय."

दिमोकाकांनी एक भाकरी उचलली, टेबलावर ठक्‌ठक् वाजवली, कानाजवळ नेली. "हा पाव नाही. हे कौल आहे. मी असं कौल गोठ्यावर घातलंय."

बाबांनी एक तुकडा मोडून खाल्ला. बराच वेळ कुडुमकुडुम आवाज येत राहिला. "चांगलं आहे. पण पाव फुगतो. हे फुगलेलं नाही. पदार्थ दहावाच."

"मग गोड पाणी मोजू नका, ते पाणीच आहे," पेतर म्हणाला.

"वीस वर्षं मोजतेय, आज तुझ्यासाठी नको मोजू?"

"मग लसूण मोजा."

"लसूण!" बाबांचा भोंगा वाजला. विषय संपला.

भाकरी उचलायची नाही. तळघरात सफरचंदं होती, पण उठायचं नाही. दिमोकाका म्हणाले की ते बसल्या खुर्चीसकट सरकत तळघरापर्यंत जाऊ शकतात, ते उठणं धरलं जाणार नाही. त्यांनी सुरुवातही केली. बाबांनी त्यांना बाहीला धरून परत आणलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे हे कौल कोरडंच खातात का? बरोबर काही नसतं?"

पेतरने भाषांतर करायच्या आधीच मला कळलं होतं. पिशवीत बरणी होती. ती मी का बरोबर घेतली होती ते मला सांगता येणार नाही. खोलीवर ठेवून यायची म्हणून कपाटात ठेवली होती, आणि निघताना पुन्हा काढली होती.

"नसतं," असं म्हणता आलं असतं. बाबा टेबलाकडे बघत होत्या. त्यांच्या घरात पुढचं वर्षभर काहीही वाईट झालं असतं, तरी त्यांना हे दहा आठवले असते.

मी बरणी काढून ठेवली.

"अकरा!" दिमोकाका ओरडले.

"उघडल्याशिवाय नाही," बाबा म्हणाल्या.

झाकण घट्ट बसलं होतं. माझ्याने निघेना. पेतरच्याने निघेना. दिमोकाकांनी सुरीच्या मुठीने कडेकडेने टकटक केलं आणि एका झटक्यात ते फिरलं. वर तेल आलं होतं, लाल. वास आला. खवट नव्हता. लसूण, तिखट, भाजलेले दाणे. अक्काच्या स्वयंपाकघरात दुपारी बसल्यासारखं वाटलं.

दिमोकाकांनी भाकरीच्या तुकड्यावर चमचाभर चटणी घेऊन तोंडात टाकली. आधी मिशा थांबल्या. मग डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी वाईन ओतली, प्याले आणि पुन्हा चमचा घातला.

"कुणी केलं हे?" बाबांनी विचारलं.

"माझ्या बहिणीने. मोठ्या."

"तिला सांग, स्तोयांकाला फार आवडलं. सांगशील ना?"

पेतरने भाषांतर केलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "ती गेली. श्रावणात." मग श्रावण म्हणजे कधी ते सांगितलं, ऑगस्टमध्ये. भाषांतर झाल्यावर पेतरने मला एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

बाबांनी पाव हातात घेतला. पहिला तुकडा देवाच्या आईचा, दुसरा घराचा, तिसरा त्यांच्या नवऱ्याचा. पावात एक नाणं भाजलेलं असतं, ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष चांगलं. नाणं घराच्या तुकड्यात निघालं. "चला, छप्पर दुरुस्त होणार," दिमोकाका म्हणाले. मग बाबांनी मला विचारलं, "नाव काय तिचं?"

"अक्का."

"अक्का," बाबा म्हणाल्या, अगदी नीट, आणि चौथा तुकडा मोडला. त्यावर चटणी घातली. नवऱ्याच्या तुकड्याशेजारी ठेवला.

अक्काकडे पासपोर्ट नव्हता. सोलापूरच्या बाहेर ती फारतर अक्कलकोटला आणि एकदा भाऊजींबरोबर श्रीशैलला गेली होती. बल्गेरियात जेवायला बसल्यावर तिने आधी कुणाला वाढायचं राहिलंय का ते पाहिलं असतं.

सकाळी उठलो तर टेबल तसंच होतं, पण बरणी अर्ध्याच्या वर रिकामी. मी बाबांकडे पाहिलं.

"रात्री पाहुणे येऊन गेले," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "भूक लागली असेल. लांबून येतात."

दिमोकाका चुलीपाशी बसले होते. त्यांच्या पांढऱ्या मिशांना डावीकडे लाल तेल लागलं होतं. "मीही आवाज ऐकला," ते म्हणाले.

आणखी एक दिसलं. फुलदाणीत सहाच फुलं होती, आणि ती अक्काच्या तुकड्याजवळ सरकवलेली होती. सातवं फूल स्वयंपाकघरात एका पेल्यात ठेवलं होतं.

पंचवीसला दुपारी डुकराचं मांस परत आलं आणि मी उरलेल्या मिरच्यांकडे वळलो. निघताना बाबांनी उरलेली चटणी स्वतःच्या वाडग्यात काढून घेतली, बरणी धुतली आणि त्यांचं रंगीत मीठ भरून दिलं. हे मीठ म्हणजे लाल पण तिखट नसलेली मिरची आणि डोंगरातल्या एका वाळक्या पाल्याची पूड घातलेलं मीठ, पावाबरोबर खातात. बाजारात कुठेही मिळतं, जाल तेव्हा आणा. विमानात कुणी अडवत नाही.

मार्चमध्ये सुट्टीवर सोलापूरला आलो. शिल्पाने जेवायला वाढलं, भाकरी, पिठलं, दही आणि तिने स्वतः कुटलेली चटणी. मी मोजलं. चार. पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली.

"आईची बरणी!" शिल्पा म्हणाली. "ह्यात काय हाय ओ मामा?"

"मीठ. घे. पाच झाले."

"कसले पाच?"

मग सगळं सांगितलं. भाऊजी ऐकत होते. अक्का गेल्यापासून ते कमी बोलतात, माझ्याहून कमी, म्हणजे विचार करा. त्यांनी भाकरीवर ते मीठ घेतलं, चावलं.

"तिखट कुटं हाय ह्यात?"

"नाहीच."

"तुज्या अक्काची चटणी त्यास्नी सोसली व्हय?"

"दिमोकाकांनी पहाटे चोरून खाल्ली."

भाऊजी हसले. बऱ्याच दिवसांनी. मग त्यांनी शिल्पाच्या चटणीची वाटी ओढली, चाखली, लेकीकडे बघितलं.

"लसूण जास्त पडलाय," ते म्हणाले. "पन त्या म्हाताऱ्याला काय कळतंय? भर की बरणी, मामा नेतोय. आन् कौल बी दे दोन पाकिटं."