गोजराबाईंच्या डोळ्यांतलं औषध

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून खोडलं, कारण यात मी पण आहे आणि काही चांगली दिसत नाही. पण गोजराबाईंचा तो दिवस डोक्यातून जातच नाहीये.

इंझोरीच्या गोजराबाई मेथी-सांबार, म्हणजे मेथी-कोथिंबीर, लावतात, एकट्याच राहतात. लेक उज्ज्वला सुरतेला, दोन वर्षांत भेट नाही. त्या दिवशी ती सासरहून परत सुरतेला निघाली होती आणि तिची एसटी बारा वाजता मंगरूळपीरच्या स्टँडवर पंधरा मिनिटं थांबणार होती. फक्त पंधरा! तेवढ्यासाठी गोजराबाईंनी मुंगवड्यांचा डबा भरला, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि दहालाच फाट्यावर आल्या.

फाट्यासमोरच्या शाळेत मांडव पडलेला. परदेशातल्या एका चर्चची मंडळी एक दिवस सेवा करायला आली होती, डोळे तपासायला. मांडवात सावली, खुर्च्या. मंगरूळपीरची जीप येईपर्यंत गोजराबाई टेकल्या. एवढंच चुकलं. त्या खुर्च्या म्हणजे रांग होती.

एक गोरी पोरगी आली, वाकून त्यांच्या पाया पडली, मग जो हात धरला तो सोडेचना. पाया पडलेल्या पाहुणीच्या हातातून आपला हात कसा ओढून घ्यायचा? गोजराबाईंना जमेना.

"पोरी, मले जा लागते व," त्या दुभाषी पोरीला म्हणाल्या. ती दुभाषी मीच.

"मावशी, थे इतक्या दुरून आल्या अन् तू पाच मिनिट नाई बसत? काहून घाई करून राह्यली?"

"आमची उज्ज्वला..."

"होऊन जाते. बस न!"

आणि मी त्या गोरीला सांगितलं, या तयार आहेत.

डोळ्यांत थेंब पडले. आता अर्धा तास मिटून बसायचं. अंधारात गोजराबाईंना हॉर्न ऐकू आला. हेमसिंगची जीप.

"ओ गोजरामावशी! येतं का इथंच राह्यतं? गोरी सून भेटली वाटते तुले!"

सगळी जीप हसली. गोजराबाई उठल्या, तर पोरीने हळूच खांदा दाबून परत बसवलं, आणखी एकेक थेंब टाकला आणि हात धरून प्रार्थना सुरू केली. एक हात तिच्या हातात, दुसरा डब्यावर. डोळे बंद. उठायला तिसरा हात कुठून आणायचा? जीप भरली की हेमसिंग थांबत नाही. आवाज वळणावर गेला, बारीक झाला, संपला.

गोजराबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. पोरगी म्हणाली, झोंबतंय का विचार. मी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या.

तपासणी झाल्यावर चिठ्ठी मिळाली, मोतीबिंदू. ती हातात घेऊन त्यांनी विचारलं, "आता दुसरी जीप कधी व?" तेव्हा कुठे मी सगळं ऐकून घेतलं! पळत जाऊन मांडवामागे झोपलेल्या आमच्या विनोददादाला उठवलं, त्याने मोटरसायकल काढली, गोजराबाईंना मागे बसवलं.

दोघं स्टँडवर पोचले तेव्हा एसटी सुरू झालेली. बाहेर ऊन, औषधाने डोळ्यांच्या बाहुल्या फाकलेल्या, गोजराबाईंना सगळं पांढरंफक दिसत होतं. पाटी नाही, खिडक्या नाहीत, माणसं नाहीत.

"आई! ओ आई! इकडं!"

आवाजाकडे त्यांनी डबा उचलला. वरून एक हात आला, डबा घेतला, परत आला आणि त्यांची बोटं धरली. गाडी हलली. चार पावलं त्या बोटांबरोबर चालल्या, मग बोटं सुटली.

"दिसली न उज्ज्वला?" विनोददादाने विचारलं.

"आयकू आली." मोटरसायकलवर बसता बसता म्हणाल्या, "हात लय वाळला व तिचा."

संध्याकाळी त्यांना सगळं दिसायला लागलं. चूल, मेथीचे वाफे, सगळं.

इंझोरीकडे गेलात तर गोजराबाईंना भेटा. लवकर भेटा. आणि काही द्यायच्या, काही करायच्या आधी, हात धरायच्याही आधी, एवढं विचारा: मावशी, तुले कुठी जायचं आहे का?