टपावरची बॅग आणि इस्माईल मास्तर

फोन आला तेव्हा मी गोठ्यात वैरण टाकत होतो. इस्माईल मास्तरची सून रुबिना एवढंच म्हणाली, "चाचा, अब्बा गेले. जोहरच्या नमाजनंतर माती." जोहर म्हणजे दुपारची नमाज, आणि आठसुद्धा वाजले नव्हते. निमगाव सावा ते जुन्नर, कितीही रमतगमत गेलं तरी दुपारच्या आत पोचतंयच माणूस. तरी मी तसाच निघालो, शेणाच्या चपलेनं, अंगातल्या बंडीवर सदरा चढवत. पोचलो तेव्हा लोक अजून यायचे होते. खाटेजवळ बसलो आणि त्याचं तोंड बघितलं... पोटभर बघितलं. मनात एकच चाललं होतं. मला याचं तोंड बघायला मिळालं. याला याच्या बहिणीचं मिळालं नव्हतं, आणि ते माझ्यामुळं.

आता त्याचा चाळीसावा दिवसही झाला. ही गोष्ट मी त्याच्याजवळ कधी बोललो नाही, म्हणून इथं लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस. आमच्या सुनेनं शुद्धलेखन तपासून देते म्हटलं, मी दिलं नाही. चुका असतील त्या माझ्या.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, शिवणाचा. जुन्नरच्या बाजारात त्याचं दुकान, जीप-टेम्पोच्या सीटा आणि हूड शिवायचं. मी तेव्हा वडाप करायचो, म्हणजे भरली की निघायची अशी जीप, जुन्नर ते मढ आणि कधी नारायणगाव, मंचर. मढकडचा पाऊस कुणाला सांगायला नको. एकदा सगळी पॅसेंजर भिजली, एका म्हातारीनं उतरताना मला शिव्या घातल्या, आणि मी रागारागानं जीप त्याच्या दुकानापुढं लावली. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "पावणं, ही हूड हाय का पिठाची चाळण?" मला राग आला. मला राग लवकर येतो, तेव्हाही यायचा. पण त्यानं शिवलेली हूड पुढं बारा पावसाळे गळली नाही. माझ्या सीटच्या पाठीला त्यानं न सांगता एक खिसा शिवून दिला होता. मी म्हटलं, "ह्यो कशापायी? मी सांगितला नव्हता." तर म्हणाला, "तू गाडीची कागदं टोपीखाली ठेवतोस. एक दिवस टोपीसंगं उडतील." तिथून जी दोस्ती लागली ती लागली.

मास्तरला एक खोड होती. त्याच्या दुकानात लहानसा टीव्ही होता आणि त्यावर तो कार्टून बघायचा. बातम्या नाही, कुस्त्या नाही. हिंदीत बोलणारं एक परदेशी कुटुंब, जाडा बाप, उंच केसांची आई, तीन पोरं, एक कुत्रं आणि एक म्हातारा आजा. त्यातला एक भाग तर त्याला तोंडपाठ होता. ते सगळे गाडी घेऊन समुद्रावर निघतात, तो भाग. दुपारच्याला लागायचा आणि मास्तर मशीन थांबवायचा. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, तोंडात दोरा, आणि नजर त्या रंगीत चित्रावर. मी म्हणायचो, "मास्तर, शरम करा. पोरासोरांचं बघताय." तर म्हणायचा, "तू बस. तुला ड्रायव्हरकीचं शिकायला मिळंल."

आणि मग तो मला आधीच सांगायचा, आता काय होणार. "बघ, टपावर बॅग बांधलीय. ती पडणार. ते बारकं पोरगं दर दोन मिनटाला इचारणार, 'आलं का? आलं का?' आईच्या हातातला नकाशा खिडकीतून उडणार. बाप म्हणणार, मला जवळची वाट ठाऊक हाय, आणि तीच वाट लांबची निघणार. एकच झाड तीन डाव दिसणार. आणि आज्याला पेट्रोल पंपावर इसरून सगळी पुढं जाणार." आणि तसंच व्हायचं, एकेक करून. मी म्हणायचो, सगळं ठाऊक असताना हसतोस कसा? त्यावर त्यानं एकदा कातरी खाली ठेवून मला नीट समजावलं होतं, गिऱ्हाइकाला समजवावं तसं. म्हणाला, "दत्तू, शर्ट कुणाचाबी असू दे, दोन बाह्या आणि एक कॉलर असणारच. ती बघून कोण खूश व्हतंय? खांद्यावर बसला का नाय, ते बघत्यात. तसंच हाय. बॅग पडणार हे बारक्या पोरालाबी ठाऊक. पण कधी पडणार? ते बघ, बाप म्हणतोय, माझी गाठ कधी सुटत नाय. आता... आता..." आणि बॅग पडायची आणि हा खोकला येईस्तोवर हसायचा.

माझं म्हणणं वेगळं होतं. मी म्हणायचो, टपावरचं सामान असं पडतच नाही. दोरी आधी मागच्या कडीला घ्यायची, मग आडवी, मग पीळ द्यायचा. तीस वर्षांत माझ्या टपावरून कोंबडीचं खुराडंसुद्धा पडलं नाही. "ह्यांच्यात ड्रायव्हर लोक नसत्यात का?" मी विचारायचो. मास्तर त्यावर कार्टूनपेक्षा जास्त हसायचा. पण एक बघितलं मी. आज्याला पंपावर सोडून गाडी जायची, तो हातात गोळी का काहीतरी घेऊन उभा राहायचा, तिथं तो हसायचा नाही. नुसता म्हणायचा, "ह्ये मात्र खरं हाय."

पुढं वडाप बंद पडलं. नऊ-दहा वर्षं मी जीप शेत ते गाव एवढीच फिरवली, फार तर रविवारी जुन्नरच्या बाजाराला. अशाच एका रविवारी मी दुकानात चहा पीत होतो आणि घोडेगावाहून फोन आला. मास्तरची मोठी बहीण, आपा म्हणायचा तिला, सकाळी गेली. आई लवकर गेली म्हणून तिनंच याला वाढवलेलं. मास्तरचा मुलगा आणि रुबिना पुण्याला होते, ते तिकडून परस्पर निघाले. मास्तरनं फोन टेबलावर ठेवला, आणि निघायच्या घाईत तो तिथंच राहिला. मी तर मोबाईल घरीच ठेवतो. म्हणाला, "दत्तू, जीप काढ. जोहरनंतर माती हाय. तोंड बघायचंय." मी म्हटलं, "दीड तासात पोचवतो. माझ्याच रस्त्यानं जायचंय."

माझाच रस्ता... नारायणगाव सोडलं आणि रस्ता माझा राहिलाच नव्हता. मी पाट्या वाचून गाडी चालवणारा माणूस नाही. माझ्या खुणा होत्या, दोन वडाची झाडं, एक पंक्चरचं दुकान, एक चहाची टपरी, मग मंचर. रस्ता रुंद केला तेव्हा वड गेले, टपरी गेली, आणि बायपास असा काढला की मंचर बाजूला राहिलं आणि मी सरळ पुढं. घाट चढायला लागलो तेव्हा कळलं. तिथंच वळून मागं यायचं, तर मी म्हटलं, आता आतनं घोडेगाव गाठतो. जवळची वाट ठाऊक आहे मला.

कालव्याच्या कडंकडंनं शेतातले रस्ते, एका ठिकाणी रस्ता उसातच संपला. परत मागं. एका वाडीवर पाण्याची निळी टाकी होती, ती परत आली. मग आणखी एकदा आली. मास्तर हळूच म्हणाला, "दत्तू, ती टाकी तिसऱ्या डावाला सलाम करतीया. त्या बाईला इचार की." कडेला एक बाई वैरणीचा भारा घेऊन उभी होती. मी म्हटलं, "तीस वर्सं या भागात गाडी मारली, आता मी बायाबापड्यांना इचारू व्हय?" आणि गेअर टाकला. तो म्हणाला, "त्या खोडदच्या दुर्बिणीच्या डिशना आभाळाच्या पल्याडचं ऐकू येतंय म्हणं. तुला शेजारच्या सीटवरचं येत नाय." त्यानंतर तो गप्प बसला तो घोडेगाव येईस्तोवर.

पोचलो तेव्हा माणसं कबरस्तानातून परत येत होती. भाचा पुढं आला, म्हणाला, "मामू, लई वेळ थांबलो. फोन उचलला न्हाई तुम्ही." मास्तर ओल्या मातीजवळ जाऊन उभा राहिला. मी लांब जीपजवळ. माझ्या तोंडातून 'चुकलं' एवढं निघालं नाही. परत येतानाही नाही, पुढंही कधी नाही. आमच्या घराण्यात माफी मागायची रीत नाही, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. घराण्याचं नाव पुढं करायला सोपं असतं.

महिन्याभरानं दुकानात गेलो. टीव्हीवर तोच भाग. बाप गाडीत ताठ बसलेला, आई म्हणते कुणाला तरी विचारा, आणि तो म्हणतो, मला ठाऊक आहे. मास्तर हसला. हसता हसता त्यानं माझ्याकडं बघितलं. बास. मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठलो. तो मागून म्हणाला, "अरं थांब, अजून संपला न्हाई." मी थांबलो नाही. चार महिने त्या गल्लीत पाय ठेवला नाही. घरात मालकीण म्हणाली, "मास्तराला इसरला का?" मी म्हटलं, "तो मला हसतोय." ती म्हणाली, "मग? पहिल्यांदाच हसला का?" त्यावर मी तिच्यावरच डाफरलो.

शेवटी जीपच्या सीटेनंच मला नेलं. ड्रायव्हरकडची शिवण उसवली होती... उसवली होती म्हणजे मीच बोटानं थोडी वाढवली होती, कारण पाहिजे ना जायला. मास्तरनं बघितलं. त्याला दोऱ्यावरून सगळं कळायचं. हात वयानं तेव्हाच थरथरायला लागले होते, तरी बसून शिवली, दुहेरी टाका. मला टीव्हीसमोरचं स्टूल दिलं आणि टीव्ही बंद केला. त्यानंतर मी असताना त्यानं ते कार्टून कधी लावलं नाही. दोन वर्षं आम्ही तसेच बसलो. ऊस, गुडघे, कुणाचं लग्न, कोण गेलं... सगळं बोललो. घोडेगावचं सोडून. आज थकल्यागत वाटतं ते त्या न बोलण्यानंच. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

चाळीसाव्याला जेवणं झाल्यावर मी दुकानात जाऊन बसलो. मशीनवर चादर टाकलेली. रुबिना चहा घेऊन आली. मी तिला म्हटलं, "पोरी, ते कार्टून हाय का गं कुठं? समुद्राचं?" तिनं मोबाईलवर काढून दिलं आणि शेजारी बसली. बॅग पडली. नकाशा उडाला. झाड तीनदा आलं. आई म्हणाली विचारा, बाप म्हणाला ठाऊक आहे. इथं मी उठून गेलो होतो. या वेळी बसलो. ते समुद्रावर पोचतात तेव्हा फाटक बंद झालेलं असतं. सगळे गप्प. कुत्रंसुद्धा. मग बारक्याला आठवतं, आजा पंपावर राहिला. गाडी मागं वळते. आजा तिथंच बसलेला. बापाची मान खाली, त्याला वाटतं आता हा बोलणार. आजा पुढच्या सीटवर बसतो, दार ओढून घेतो आणि म्हणतो, "चलो." एवढंच. मग गाणं लागतं आणि संपतं.

रुबिना म्हणाली, "चाचा, इथं अब्बा कायम गप्प व्हायचे. एकदा म्हणाले, दत्तूनं थांबायला पायजे व्हतं, पुढचं बघायला." मी म्हटलं, "आणखी काय म्हणाले?" तिला सांगावं का नको झालं. मग म्हणाली, "म्हणाले, त्याची एकट्याची चूक न्हाई. मला उतरून इचारता आलं असतं. माझी काय जीभ झडली व्हती? पण गाडी चालू व्हती तवर माझ्या मनात आपा घरात जित्ती व्हती. पोचलो, की ती गेली."

चहावर साय आली. हे खरंच त्याच्या मनातलं होतं, का त्यानं सुनेजवळ अशासाठी सांगून ठेवलं की कधीतरी माझ्या कानावर जावं... मला ठरवता येत नाही. तो कारागीर माणूस होता. उसवलेलं उघडं टाकायचा नाही. पण तो असता तर मी हे मान्य केलं नसतं. मी म्हटलं असतं, मास्तर, चूक माझी. स्टेअरिंग माझ्या हातात होतं. हे म्हणायला मला दोन वर्षं होती.

चाळीसाव्याचा मलिदा घोडेगावला आपाच्या घरी पोचवायचा होता. मास्तरचा मुलगा म्हणाला, मी मोटारसायकलवर जाऊन येतो. मी म्हटलं, मी नेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. शेजारच्या सीटवर डबा, त्यानं शिवलेली सीट, माझ्या पाठीमागं त्यानं शिवलेला खिसा. नारायणगावात एकाला विचारलं. कळंबला चहावाल्याला विचारलं. बायपास फुटतो तिथं गाडी पार कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि मेथीच्या जुड्या घेऊन एक माणूस उभा होता त्याला हाक मारली. "भाऊ, घोडेगावला कुठून जायचं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वर बघितलं. "बाबा, तुमच्या डोक्यावर तर पाटी हाय. घरायेवढाली."

"व्हय, दिसली मला," मी म्हटलं. "पण तू सांग."