निरोप्याच्या घरचा निरोप

दवनीवाड्याच्या बाजूच्या गावात कोणाकडे मयत झाली की पहिली हाक बकारामला पडायची. फोन नव्हते तेव्हा तो सायकल काढून पाहुण्यांच्या गावोगाव निरोप घेऊन जाई. फोन आले तरी लोक म्हणत, बकाराम, तूच जा बा, आमच्यानं फोनवर सांगवत नाही. आपली धानाची रोवणी अर्ध्यावर टाकून दुसऱ्याचं दुःख पोचवायला निघणारा असा शहाणा गावात दुसरा नव्हता. त्याची रीत ठरलेली. चपला दाराबाहेर काढायच्या, दिलेलं पाणी तोंडाला लावायचं नाही, घरच्या माणसाला खाली बसवायचं आणि एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं. "तब्येत जरा जास्त हाय, चला" असली लपवाछपवी त्याला कधी जमली नाही.

लोकांना तो फटकळ वाटे. त्याच्या बायकोला, शामकलाला, तसं वाटत नसे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तिचा बाप गेला. सासू बकारामला म्हणाली, आजारी आहे एवढंच सांग, तिथे गेल्यावर कळेलच. बकारामने शामकलाला ओसरीत बसवलं आणि म्हणाला, "तुझे बाबुजी गेले." सायकलच्या कॅरिअरवर बसून ती माहेरापर्यंत रडत गेली, आणि पोचली तेव्हा बापाच्या तोंडाकडे बघण्याइतकी सावरली होती. हा उपकार ती पुढे सुनेलाही सांगायची.

गेल्या दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ बघताना बकारामला खोकल्याची उबळ आली, आणि तो खोकला काही जाईना. बिडी तर जन्माची सोबतीण. गोंदियाच्या डॉक्टरने नागपूरला धाडलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी शामकला आणि मुलगा कैलाश, दोघांना आत बोलावलं. बकाराम बाहेर बाकावर शेजारच्या माणसाला त्याच्याकडच्या धानाचं विचारत बसला होता.

फुप्फुसाचा कॅन्सर. खूप वाढलेला, ऑपरेशन होण्यासारखा नाही, पण अजून छातीतच आहे. बाई म्हणाल्या, आमच्याकडे एक चाचणी सुरू आहे. कीमोची सलाइन आणि किरणांचा शेक, दोन्ही एकदमच दिले तर एकामागून एक देण्यापेक्षा रोग जास्त दिवस आवरतो का, ते बघतोय. त्रासही जास्त होऊ शकतो. कोणाला कोणत्या तऱ्हेने मिळेल ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवेल. "पण आधी त्यांना सगळं सांगायचं. त्यांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय मी त्यांना चाचणीत घेऊ शकत नाही."

कैलाशने हात जोडले. "मॅडम, कॅन्सर ऐकलं तर बाबुजी हाय खाईल."

"मग तुम्ही सांगा. पण आठवड्याभरात घेऊन या. हा आजार कोणासाठी थांबत नाही."

परतीच्या गाडीत बकारामने विचारलं, "काय म्हनलं डॉक्टरनीनं?" कैलाश खिडकीबाहेर बघू लागला. शामकलाच्या तोंडून निघालं, "टीबी हाय."

कुठून सुचलं देव जाणे. गावातला केवलराम गोळ्या खाऊन टीबीतून बरा झाला होता, तेच डोक्यात असेल. बकारामचा चेहरा खुलला. "हात्तीच्या, मी म्हनलो काय झालं."

एका खोट्याला दहा खोट्यांचे टेकू लागतात. कैलाशने ताकदीच्या गोळ्या आणून टीबीच्या म्हणून दिल्या. नागपूरला शेक घ्यायला चला म्हटलं की बकाराम विचारी, "टीबीच्या गोळ्या त गावातच भेटतेत. रोज शेक घ्याले नागपूरले कायले जाऊ?" मायलेक चुलीपाशी ठरवत, उद्या सांगू. तू सांग. नाही माय, तूच सांग. दवाखान्यातून फोन आला तर कैलाश उचलत नसे. सून दुर्गेश्वरी एकदा म्हणाली, सांगून टाका ना. तिला शामकलानेच गप्प केलं. बकाराम कोसळेल याची भीती तिला नव्हतीच. तिला तो शब्द आपल्या तोंडाने काढायचा नव्हता.

बकारामने मात्र टीबी इमानदारीने पाळला. ताट-गिलास वेगळा केला, खाट ओसरीच्या टोकाला नेली. नात रुचिका चार वर्षांची, रोज त्याच्याच मांडीवर जेवायची. तिला त्याने उंबरठ्याच्या आत थांबायला शिकवलं. "इकडं नको येऊ माय, आबाजीले टीबी हाय." शामकला हे बघे, पण खोटं उकलायला सुरुवात कुठून करायची हेच तिला कळेना.

शिमग्याच्या सुमाराला पाठ धरली. आता नागपूरला जायला बकारामने का-कू केली नाही. नवी फिल्म निघाली. रोग मणक्यात उतरला होता. बाई शामकलावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. म्हणाल्या, ती चाचणी छातीपुरताच आजार असलेल्यांसाठी आहे. आता दुखणं कमी करायचा शेक देऊ.

शामकलाने विचारलं, "तवा आनलं असतं त वाचले असते का?"

"ते मलाही माहीत नाही, म्हणून तर चाचणी. पण निदान त्यांना विचारता आलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शामकला वावरातून आली. चपला दाराबाहेर काढल्या. दुर्गेश्वरीने पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. खाटेपाशी येऊन म्हणाली, "उठून बसा जरा."

बकारामने तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, सुनेच्या हातातल्या भरल्या तांब्याकडे पाहिलं. "कोन गेलं?"

"कोनी नाई. तुमाले टीबी नाई, कॅन्सर हाय. आमाले पयल्यांदा नागपूरले गेलो तवापासून मालूम होतं."

मग तिने चाचणीचं सगळं सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, "इचारलं असतं त मी हो म्हनलो असतो." आणि मग, "म्हनजे हे कोनाले लागनारं नाई?"

"नाई."

"मंग पोरीले मी..." त्याने घरात हाक मारली. "रुचिका, ये माय, आबाजीपाशी ये."

रुचिका धावत आली आणि उंबरठ्याशी थांबली, शिकवल्यासारखी. "नाई आबाजी. तुले टीबी हाय ना."

बकारामने शामकलाकडे पाहिलं. "जा," तो म्हणाला. "इले त खरं सांग."