गजभिये मॅडमची गवार आणि फ्रेंच

भिलाईला सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये गजभिये मॅडमकडे फ्रेंच शिकायला गेलं की आधी हातात गवारीची शेंग मिळायची, पुस्तक नंतर. लांबलचक जोडशब्द आला की त्याचा एकेक तुकडा म्हणायचा आणि दर तुकड्याला शेंग मोडायची. भांडी घासायच्या मशीनला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, तो मॅडम 'ला-व-वे-से-ल' असा मोडत. आमचा अभ्यास आणि त्यांची भाजी एकदमच उरकायची.

"लंबा शब्द पाहून काऊन घाबरून राहिली? तुकडे कर, मंग जोड," त्या म्हणत. मी घाईत शेवटचा 'ल' अर्धवट सोडला की डोळे वटारत. "शेपटी खाऊ नको पोरी. ते बी शब्दातच हाय ना!" फ्रेंच शिकवणाऱ्या कॅसेटमधला माणूस मात्र ती शेपटी खुशाल खायचा. आपलेच उच्चार चुकीचे तर नाहीत ना, ही शंका मॅडमच्या मनात शिरली ती तिथूनच.

त्या फ्रेंचकडे वळल्या रागानं. तरुणपणी पुण्यात बी.एड. करताना त्यांच्या 'मले-तुले'वर अख्खा वर्ग हसायचा. "म्हटलं, अशी भाषा शिकतो, जिच्यात माहं गाव कोनाले ऐकू येनार नाही." नागपूरला जाऊन शिकल्या, इकडे येऊन शिकवू लागल्या. पण फ्रेंच माणूस काही जन्मात भेटला नाही. भिलाईत पोलाद कारखाना उभारायला रशियन येऊन गेले, फ्रेंच कशाला तडमडतात इथे!

मी फ्रान्समध्ये लियोंला शिकायला निघाले, तेव्हा स्टेशनवर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तिथल्या मानसाले माहं बोलनं समजते का, ते सांगजो. खोटं नको बोलू. जन्मभर चुकीचं शिकवलं असंल तर मले मालूम झालं पाहिजे."

लियोंला पोचल्यावर मी थेट तिथल्या घरमालकिणीलाच व्हिडिओ कॉलवर बसवलं. मॅडम इस्त्रीची साडी नेसून ताठ बसल्या होत्या. दारातल्या पेरूपासून निवृत्तीपर्यंत सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. घरमालकीण मध्येच हसली. मॅडमचा चेहरा पडला.

"तुम्ही मार्सेयकडच्या का?" तिनं विचारलं. "शब्दाचं शेवटचं अक्षर न गाळता दक्षिणेतलीच माणसं बोलतात. माझी आई तिकडची होती."

मॅडम मला मराठीत म्हणाल्या, "म्हंजे तिकडं बी माहं गाव सापडलंच लोकायले!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसू आवरल्यावर त्यांनी घरमालकिणीला हळूच विचारलं, "तुमच्या आईला लोक हसायचे का?"

"हसायचे. मीही हसायचे," ती म्हणाली. "आता आई नाही. तुम्ही बोलत राहा ना थोडा वेळ."

मॅडमचं निधन होईपर्यंत दर रविवारी त्या दोघी बोलत. फोन माझा असे, पण मला कोणी विचारत नसे.